सिग्नल हिरवा होता

आग्रही : रेल्वेच्या सुरक्षेवर बोलायचं तर आधी एक गोष्ट मान्य करा. परिस्थिती सुधारली आहे आणि ती थोडीथोडकी नाही. २०००-०१ मध्ये देशात रेल्वेचे ४७३ गंभीर अपघात झाले होते. २०१४-१५ मध्ये १३५ झाले, २०२४-२५ मध्ये ३१. या पंचवीस वर्षांत गाड्या वाढल्या, वेग वाढला, माल वाढला, तरी आकडा उतरत गेला. हे आपोआप झालेलं नाही. ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटकं जानेवारी २०१९ अखेर संपली. जुन्या आयसीएफ डब्यांचं उत्पादन २०१८ मध्ये थांबलं आणि एलएचबी डबे आले. ते रुळावरून घसरले तरी एकमेकांवर सहसा चढत नाहीत. याच वाटेवरचा पुढचा टप्पा म्हणजे 'कवच'. स्लीपरवर बसवलेले टॅग इंजिनाला गाडी कुठे आहे ते सांगतात, टॉवरवरून रेडिओने पुढच्या सिग्नलची खबर केबिनमध्ये येते आणि चालकाने ब्रेक लावला नाही तर यंत्र लावतं. मार्च २०२२ मध्ये सिकंदराबादजवळ रेल्वेमंत्री स्वतः इंजिनात बसले. समोर त्याच रुळावर दुसरं इंजिन होतं. गाडी ३८० मीटर आधी आपोआप थांबली. माणूस थकतो, दचकतो, त्याचा डोळा लागतो. यंत्राचं तसं होत नाही. सगळ्या मार्गांवर आणि सगळ्या इंजिनांवर हे बसेपर्यंत दुसऱ्या कशात जीव घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

साशंक : तुमचे आकडे मला मान्य आहेत. पण २ जून २०२३ ची संध्याकाळ घ्या. ओडिशात बालासोरजवळ बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्सप्रेस शिरली. चालकाला सिग्नल हिरवा होता, मेन लाइनचा. गाडी ताशी १२८ किलोमीटरने चालली होती आणि तेवढ्या वेगाला परवानगीही होती. सांधा मात्र लूप लाइनकडे वळलेला होता आणि लूपवर लोहखनिजाने भरलेली मालगाडी उभी होती. शेजारून जाणाऱ्या यशवंतपूर-हावडा गाडीचे शेवटचे डबेही त्यात सापडले. २९० हून अधिक माणसं गेली. चालक थकला नव्हता, दचकलाही नव्हता. इंजिनात कवच असतं तर त्यालाही सिग्नल हिरवाच दिसला असता, कारण कवच आपली खबर त्याच सिग्नल यंत्रणेकडून घेतं. चूक यंत्रणेच्या पोटात होती. स्टेशनजवळच्या फाटकाचा विजेवर चालणारा अडसर बदलण्याचं काम त्या दिवशी चाललं होतं. त्यात तारा चुकीच्या जोडल्या गेल्या. त्याआधीच्या एका फेरफारातही चूक राहून गेली होती. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत हे सगळं निघालं. त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट अशी की त्याच खरगपूर विभागात मे २०२२ मध्ये चुकीच्या जोडणीमुळे असाच प्रकार घडला होता. तेव्हा कुणी मेलं नाही, म्हणून तो प्रकार कागदावरच राहिला. त्याचा धडा तेव्हाच घेतला असता तर बहानगा टळलं असतं, असं अहवालच म्हणतो.

आग्रही : कवच बहानगा थांबवू शकलं नसतं, हे मान्य. पण एका औषधाने एक रोग बरा होत नाही म्हणून ते दुसऱ्या रोगालाही द्यायचं नाही का? १७ जून २०२४ ला रंगापाणीजवळ कांचनजंगा एक्सप्रेसला मागून मालगाडी धडकली. त्याआधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये आंध्रात कंटकापल्लीजवळ एका पॅसेंजरवर दुसरी पॅसेंजर मागून आदळली. दोन्हीकडे पुढे गाडी उभी आहे किंवा सावकाश जाते आहे आणि मागच्या गाडीचा वेग आवरत नाही, असंच घडलं. कवच नेमकं यासाठीच आहे. आणि आपण हे फार उशिरा करतो आहोत. १९९९ मध्ये गैसलला दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, २८० हून अधिक माणसं गेली. त्यानंतर आपल्याच कोकण रेल्वेने टक्करविरोधी उपकरण तयार केलं. ईशान्य सीमांत रेल्वेवर ते बसवलंही. त्यात त्रुटी निघाल्या. त्या दूर करून पुढे जायचं, तर आपण तेच गुंडाळून ठेवलं. कवचला राष्ट्रीय प्रणाली म्हणून मान्यता मिळाली ती २०२० मध्ये. मधल्या वीस वर्षांतल्या टकरींचा हिशेब कोण देणार? यंत्रात खोट काढणं सोपं असतं. पण त्या खोटीचं निमित्त करून यंत्र लांबणीवर टाकण्याची किंमत डब्यातला माणूस मोजतो.

साशंक : रंगापाणीचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. त्या दिवशी पहाटेपासून स्वयंचलित सिग्नल बंद पडले होते. अशा वेळी स्टेशन मास्टर चालकाला एक छापील फॉर्म देतो, टीए-९१२, म्हणजे लाल सिग्नल ओलांडून पुढे जाण्याची लेखी परवानगी. किती वेगाने जायचं हे त्यावर लिहिलेलं नव्हतं. नियमाप्रमाणे प्रत्येक बंद सिग्नलपाशी थांबायचं आणि मग सावकाश पुढे सरकायचं. त्या सकाळी तिथून गेलेल्या गाड्यांपैकी हा नियम पाळला तो मार खाल्लेल्या कांचनजंगाने. इतरांनी आपापला अर्थ लावला. म्हणजे ही एका चालकाची बेफिकिरी नव्हती. त्या नियमाचा अर्थ काय, हे कुणी नीट शिकवलेलंच नव्हतं. आयुक्तांनीही प्रशिक्षणातल्या आणि सूचनांमधल्या उणिवांवरच बोट ठेवलं. पण अपघाताच्या दिवशीच, चौकशी सुरू होण्याआधी, वरून दोष कुणावर गेला? मालगाडीच्या मेलेल्या चालकावर.

मला या सवयीची भीती वाटते. लाल सिग्नल ओलांडला तर चालकाची नोकरी जाऊ शकते. तारा जोडणाऱ्याला चार्जशीट मिळते, बहानगानंतर तर तीन कर्मचाऱ्यांना सीबीआयने अटक केली. दोषी असेल त्याला शिक्षा व्हावी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्याच्या हातून चूक होता होता राहिली, तो माणूस उद्या ती सांगायला येईल का? कवच कितीही शहाणं असलं तरी त्याच्या तारा, टॅग आणि तपासणी याच माणसांच्या हातात आहेत. त्यांनी खरं सांगितलं तरच ते यंत्र खरं बोलेल.

आग्रही : हे ऐकायला फार पटतं, पण धोरण म्हणून हाताला काही लागत नाही. 'संस्कृती बदला' असं म्हटलं की जबाबदारी हवेत विरते. तिची निविदा निघत नाही, ती कधी पूर्ण होणार हे कुणी सांगू शकत नाही. कवचचं तसं नाही. रुळाच्या बाजूचा खर्च किलोमीटरला साधारण ५० लाख, इंजिनाला ८० लाख, असं सरकार सांगतं. देशभरातले सुमारे ६९ हजार किलोमीटर धरले तर रुळांचा खर्च ३५ हजार कोटींच्या आत बसतो. या पैशाचा हिशेब मागता येतो, किती झालं ते मोजता येतं, संसदेत प्रश्न विचारता येतो. ब्रिटनने एकदा अशी यंत्रणा महाग म्हणून बाजूला ठेवली होती. १९९९ मध्ये लंडनमधल्या लॅडब्रोक ग्रोव्हला चालकाने लाल सिग्नल ओलांडला आणि ३१ माणसं गेली. मग स्वस्त पर्याय का होईना, घाईघाईने बसवला. माणसं सुधारतील तेव्हा सुधारतील. तोवर गाड्या थांबणार नाहीत.

साशंक : ब्रिटनचं नाव काढलंत तर त्याच्या दोन वर्षं आधीचं साउथॉलही घ्या. तिथे सात माणसं गेली. त्या गाडीवर तुम्ही म्हणता ती यंत्रणा बसवलेली होती, पण चालू नव्हती. आणि त्याहून आधीचं, १९८८ चं क्लॅपहॅम तर बहानगाचं सख्खं भावंड. सिग्नलच्या कामात एक जुनी तार कापून बाजूला न करता तशीच सोडली गेली, ती हलून पुन्हा टेकली आणि लाल दिसायला हवा होता तो सिग्नल लाल झालाच नाही. ३५ जण मेले. चौकशी समितीने तार सोडणाऱ्या तंत्रज्ञाची चूक नोंदवली आणि पुढचा प्रश्नही विचारला. हा माणूस किती दिवस सलग काम करत होता? तेरा आठवड्यांत त्याला एकच सुट्टी मिळाली होती. त्यानंतर तिथे कामाच्या तासांना मर्यादा आली आणि सिग्नलचं काम झालं की स्वतंत्र माणसाने तपासायचं, हा नियम पक्का झाला. याची निविदा निघत नाही, पण मोजता हेही येतं.

आपल्याकडेही एक साधा कागद आहे. सिग्नलचं काम काढायचं तर तंत्रज्ञ स्टेशन मास्टरला डिसकनेक्शन मेमो देतो. म्हणजे आता ही यंत्रणा वापरू नका. काम संपून चाचणी झाली की रीकनेक्शन मेमो. मधला सगळा वेळ गाड्या खोळंबतात, कंट्रोलचे फोन येत राहतात, 'किती वेळ, किती वेळ?' मग काय होतं? एप्रिल २०२३ मध्ये, बहानगाच्या दोन महिने आधी, रेल्वे बोर्डाने पत्र काढलं होतं. कर्मचारी शॉर्टकट घेतात, पुरती चाचणी न करता यंत्रणा पुन्हा जोडतात, असं त्यात होतं. दुखणं बोर्डाला ठाऊक होतं. पण ते शॉर्टकट कशासाठी घेतात? आळसापोटी नव्हे. त्यांच्याकडे वेळ नसतो, आणि वेळ मागितला तर गाडी लेट झाल्याचं खापर त्यांच्या डोक्यावर फुटतं.

आग्रही : म्हणजे तुमचं म्हणणं भीतीवरून वेळेवर आलं.

साशंक : दोन्ही एकाच गोष्टीच्या बाजू आहेत. कोकण रेल्वेचं बघा. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरड रुळावर आली, गाडी घसरली, पन्नासहून अधिक प्रवासी मेले. पुढच्याच पावसाळ्यात मत्स्यगंधा एक्सप्रेस कोसळलेल्या दगडांवर चढून पुलावरून खाली गेली. त्यानंतर डोंगर कापून उतार कमी केले, जाळ्या मारल्या, पर्जन्यमापक बसवले. पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेळापत्रक. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या सावकाश जातात आणि ते आधीच छापलेलं असतं. मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं तर वेग चाळीसवर आणायचा, अशी सूचना आहे. तिथल्या चालकाला सावकाश जायचं तर कुणाची माफी मागावी लागत नाही. उशीर संस्थेने स्वतःच्या अंगावर घेतला आहे. देशातल्या किती विभागांबद्दल असं म्हणता येईल?

आग्रही : कोकण रेल्वेवर ते जमतं, कारण मार्ग बहुतांश एकेरी आहे आणि गाड्या मोजक्या. दिल्ली-हावडा मार्गावर किंवा कल्याण-ठाणे पट्ट्यात असं वेळापत्रक छापून दाखवा. तिथे रुळाला श्वास घ्यायला फुरसत नाही. म्हणूनच मी यंत्राच्या बाजूने आहे, कारण यंत्र वेळ निर्माण करतं. उत्तरेत दाट धुकं पडलं की चालकाला सिग्नल दिसत नाही. पुढे सिग्नल आहे हे कळावं म्हणून रुळावर फटाके लावायची पद्धत होती. कवचमुळे सिग्नल केबिनमध्येच दिसतो. मालगाड्यांसाठी वेगळे मार्ग बांधले की जुन्या मार्गावरची गर्दी हलते. लुधियाना ते सोननगर हा पूर्वेकडचा मालवाहू मार्ग चालू झाला आहे. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये चालू झाली. तुम्हाला हवा असलेला वेळ हाच आहे, फक्त काँक्रीट आणि पोलादातून आलेला.

साशंक : तो वेळ येतो, पण देखभालीपर्यंत पोहोचत नाही. नव्या मार्गिकेवर लगेच नव्या गाड्या सोडल्या जातात. त्यात कुणाचा दुष्टपणा नाही. मागणी तेवढी आहे, नेत्यांना नव्या गाडीला झेंडा दाखवायचा असतो आणि लोकांनाही तीच हवी असते. पण रुळावरच्या माणसाकडे बघा. कीमन सकाळी हातोडा आणि पाना घेऊन आपला पट्टा चालत निघतो. रूळ स्लीपरला धरून ठेवणारी क्लिप सुटत आली असेल तर हातोड्याने परत बसवतो, सांध्याच्या पट्ट्यांचे बोल्ट बघतो, रुळाला भेग दिसली तर लाल झेंडा घेऊन गाडी येण्याच्या दिशेने धावतो. हे सगळं चालू गाड्यांमधून. पाठीमागून येणारी गाडी वळणावर उशिरा दिसते आणि शेजारच्या रुळावर दुसरी गाडी असेल तर हॉर्न त्या आवाजात बुडतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये पहाटे लासलगावजवळ चार ट्रॅकमन मेले. त्यांना उडवलं ते ओव्हरहेड वायरच्या दुरुस्तीसाठी निघालेल्या रेल्वेच्याच टॉवर वॅगनने. जानेवारी २०२४ मध्ये वसई आणि नायगावच्या दरम्यान सांध्याचा बिघाड काढायला गेलेल्या सिग्नल विभागातल्या तिघांना लोकलने चिरडलं. आपली गाडी वेळेवर यावी म्हणून ती माणसं रात्री रुळावर उतरली होती. तुमच्या अपघातांच्या आकड्यांत त्यांची जागा कुठे आहे?

आग्रही : त्यात ते नाहीत. ट्रॅकमनसाठी 'रक्षक' नावाचं उपकरण आहे, जवळ गाडी आली की ते वाजतं. ते प्रत्येक टोळीकडे असायला हवं, यावर आपलं दुमत नाही. पण तुम्ही ज्या दिशेने निघाला आहात तिच्या शेवटी मुंबई आहे, आणि मुंबईत तुमचाच युक्तिवाद तुम्हाला अडचणीत आणेल.

साशंक : मुंबईत मला जायचंच आहे. २०१२ मध्ये अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने लिहिलं की देशात दरवर्षी सुमारे पंधरा हजार माणसं रूळ ओलांडताना मरतात, आणि त्यातली सहा हजारांच्या आसपास एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गावर. कुठल्याही सुसंस्कृत समाजाला हा संहार मान्य होऊ नये, असा त्या अहवालाचा सूर होता. आकडा त्यानंतर खाली आला आहे, पण आजही रूळ ओलांडताना आणि लोकलमधून पडून मिळून वर्षाला दोन हजारांवर माणसं जातात. ९ जून २०२५ ला दिवा आणि मुंब्र्याच्या मधल्या वळणावर दोन लोकल एकमेकींशेजारून गेल्या आणि दारात लटकणारी माणसं खाली पडली. किमान चार जण गेले. दुसऱ्या दिवशी त्याच दारात तितकीच माणसं होती. बालासोरला एका संध्याकाळी जेवढी माणसं गेली, तेवढी मुंबईत काही आठवड्यांत जातात. तिथे गाडी रुळावरच असते, म्हणून त्याला रेल्वेचा अपघात म्हणत नाहीत.

आग्रही : या दुःखात मी तुमच्याइतकाच आहे. पण इथे उपाय काय ते सांगा. बंद दरवाजे? एसी लोकल २०१७ पासून धावते आहे. गर्दीच्या वेळी तिची दारं लागत नाहीत, कुणाचा तरी खांदा किंवा पिशवी मधे येते आणि मागच्या गाड्या रखडतात. साध्या लोकललाही स्वयंचलित दारं लावायचं ठरलं आहे, पण हवा खेळती ठेवण्याचा प्रश्न सोडवावा लागेल. प्रत्येक स्टेशनवर दारासाठी पाच-दहा सेकंद जास्त लागले तर कसारा-सीएसएमटी मार्गावर तासाला एक-दोन फेऱ्या कमी होऊ शकतात. त्या फेऱ्यांमधली माणसं कुठे जातील? पुढच्या गाडीच्या दारात. रविवारी मेगाब्लॉक असतो तेव्हा काय होतं ते डोंबिवलीच्या माणसाला विचारा. रूळ नीट राहावेत म्हणून घेतलेले ते तास स्टेशनवर गर्दी वाढवतात आणि गर्दीत माणूस पडतो. ट्रॅकमनला दिलेला वेळ तुम्ही लोकलच्या प्रवाशाकडून काढून घेता आहात. मला यंत्र हवं ते म्हणूनच. वेळ वाटण्याऐवजी मला वेळ वाढवायचा आहे.

साशंक : तुमचा हा मुद्दा मला खोडता येत नाही. दोन्हीकडे जीवच आहेत. पण मग हा निवाडा कोण करतो ते बघू. ब्लॉक द्यायचा की नाही, फेरी रद्द करायची की नाही, चाचणी अर्धवट असताना मेमोवर सही करायची की नाही, हे ठरवण्याचा भार आज शेवटच्या माणसावर येऊन पडतो. स्टेशन मास्टर, तंत्रज्ञ, कीमन. त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याचं मोजमाप गाड्यांच्या वक्तशीरपणावर होतं. म्हणून काकोडकर समितीने रेल्वेपासून वेगळं, कायद्याने बळ दिलेलं सुरक्षा प्राधिकरण मागितलं होतं. आज रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली काम करतात. त्यांच्या शिफारशी मानायच्या की नाही ते रेल्वेच ठरवते आणि त्यांचे अहवाल बहुधा लोकांपर्यंत येत नाहीत. 'या पट्ट्यात आज चार तास गाडी धावणार नाही' असा हुकूम रेल्वेबाहेरून देणारं कुणी नाही.

आग्रही : आणि असलं तर? तो हुकूम देणाऱ्याला मतं मागायला जायचं नसेल. कल्याणच्या फलाटावरच्या माणसाला तो उत्तर देणार नाही. मंत्र्याला ते द्यावं लागतं. सुरक्षेच्या नावाखाली गाड्या कमी करत जाणारी संस्था लोकांना रस्त्यावर ढकलेल, आणि आपले रस्ते रेल्वेपेक्षा कितीतरी जास्त माणसं मारतात. प्राधिकरणाला माझा विरोध नाही. पण त्याने गाड्या थांबवण्याआधी मला त्याच्याकडून एक उत्तर हवं आहे : थांबवलेल्या गाडीतला माणूस त्या दिवशी कशाने जाणार?

साशंक : याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते द्यायला जी माहिती लागते तीच कुणी बाहेर काढत नाही, एवढं मात्र मी सांगतो. कवच किती किलोमीटरवर बसलं हे संसदेत दर अधिवेशनात विचारलं जातं आणि उत्तर येतं. देखभालीसाठी कुठल्या विभागाने किती तासांचे ब्लॉक मागितले आणि किती मिळाले, हेही त्याच उत्तरात आलं पाहिजे. सिग्नल चुकीचा दिसल्याच्या, पण कुणी न मेलेल्या घटना किती आणि त्या कळवणाऱ्यांचं पुढे काय झालं, हेही. ठाणे, कल्याण, पालघरच्या खासदारांना हा प्रश्न विचारायला आपण लावू शकतो.

आग्रही : विचारायला लावूच, त्या पत्रावर माझीही सही घ्या. फक्त दिलेले तास मागितलेल्यापेक्षा कमी निघाले, आणि ते कमीच निघतील, तर त्या पट्ट्यातल्या कुठल्या गाड्या कोणत्या वेळी बंद ठेवायच्या याची यादी आपण दोघांनी मिळून करायची. तुमची सकाळची लोकल त्या यादीत असली तरी.